शब्दवेध : तंतुकणिका

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाला १८९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी ‘मायटोकॉन्ड्रिया’ म्हटलं. ग्रीक ‘मितोस’ म्हणजे धागा, ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे बारीक दाणा. मराठीने तेच जपलं : तंतू आणि कणिका. किती नेमका शब्द!

या तंतुकणिकांच्या जनुकांतल्या दोषातून ‘मर्फ’ हा दुर्मीळ आजार होतो. बहुधा लहानपणीच अंगाला झटके, फिट सुरू होतात, स्नायू दुबळे पडतात. तंतुकणिका येतात आईकडून. म्हणून आईला बोल लावणं मात्र अन्याय आहे.

कोल्हापुरात फिट आली की अजून कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा. ते सोडा. पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका; फिट पाच मिनिटांपलीकडे गेली तर थेट सीपीआर रुग्णालय गाठा.