पुणेरी पाट्या

पुणेरी पाटी म्हणजे पुणे शहरातील, विशेषतः तेथील जुन्या पेठांतील घरे, वाडे, दुकाने, खाणावळी व मंगल कार्यालये यांच्या दारांवर किंवा भिंतींवर लावलेली खाजगी सूचना. मोजके शब्द, औपचारिक व्याकरण, काटेकोर तर्क आणि वाचणाऱ्याच्या अकलेविषयीची न लपवलेली शंका ही तिची लक्षणे होत. नामफलक, जाहिरात आणि सरकारी सूचना यांना सामान्यतः पुणेरी पाटी म्हणत नाहीत. पाटी लिहिणारा हा जागेचा मालक, भाडेकरू किंवा दुकानदार असतो, आणि पाटी ही बहुधा घडून गेलेल्या एखाद्या प्रसंगाला दिलेले उत्तर असते. बेल एकदाच वाजवावी असे जिथे लिहिले आहे, तिथे ती पूर्वी कोणीतरी अनेकदा वाजवलेली असते.

पार्श्वभूमी

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील वस्ती दीर्घकाळ वाड्यांची होती. मोठ्या दरवाज्याआत चौक, चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे, आणि नळ, जिना, संडास, दिंडी दरवाजा हे सर्वांचे मिळून, अशी ही रचना होती. दार कोणी लावायचे, पाणी किती वेळ भरायचे, सायकल कुठे टेकवायची हे प्रश्न रोज उभे राहत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली आणि भाडेकरूला जागेवरून काढणे अवघड केले. मालकाला भाडे वाढवता येईना आणि भाडेकरूला त्या पैशात दुसरीकडे जागा मिळेना. परस्परांशी बोलणे तुटले तरी एकाच जिन्यावरून जाणे-येणे सुटत नसे. तेव्हा बोलण्याचे काम पाटी करू लागली. पुणेकरांच्या स्वभावाचे म्हणून जे वर्णन केले जाते, त्यातील बराच भाग या जागेच्या अडचणीचा आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. पुढील दशकांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि भांडणाचा विषय नळावरून वाहनांकडे सरकला. फाटकासमोर गाडी लावू नये, ही आज सर्वाधिक आढळणारी सूचना आहे. लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल, ही तिची परिचित पुरवणी होय.

भाषा

पुणेरी पाटीची गंमत बरीचशी व्याकरणात आहे. तिच्यात ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ क्वचितच येतो. ‘ठेवावे’, ‘ओढून घ्यावे’ ही विध्यर्थी रूपे, ‘नये’ हा निषेध, ‘आढळल्यास’, ‘लावल्यास’ ही अट घालणारी रूपे आणि ‘करण्यात येईल’ हा कर्ता लपवणारा प्रयोग यांवर ती उभी असते. हे सारे कचेरी, अर्ज व कायदा यांच्या भाषेतून आले आहे. शेवटी येणारा ‘हुकमावरून’ हा शब्दही तिथलाच; हुकूम कोणाचा, हे मात्र लिहिलेले नसते. एरवी जिल्हाधिकाऱ्याला शोभेल अशी ही भाषा चपला काढण्यासारख्या किरकोळ बाबीसाठी वापरली जाते आणि त्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. राग जितका जास्त, तितकी भाषा सभ्य, असा साधारण नियम सांगता येतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पळवाटा बुजवण्याची सवय. सूचना वाचून कोणी काय सबब सांगेल, याचा अंदाज आधीच घेतलेला असतो. पाच मिनिटांसाठीही नाही, ओळखीच्यांनीही नाही, वाचता येत नसेल तर विचारावे, अशी कलमे एकामागून एक वाढत जातात. शेजाऱ्यांचा पत्ता येथे विचारू नये किंवा अमुक आडनावाचे गृहस्थ येथे राहत नाहीत, या पाट्यांमागे तर वर्षानुवर्षांचा वैताग उभा असतो.

पूर्वी अशा पाट्या पत्र्यावर किंवा फळीवर तैलरंगाने रंगवून घेत. घाईच्या सूचना खडूने काळ्या फळ्यावर लिहीत. पुढे रेडियमची अक्षरे, संगणकावरील छापील कागद आणि फ्लेक्स आले. पेंटर अक्षरांगणिक पैसे घेई तेव्हा मजकूर आखूड राही; छपाई स्वस्त झाल्यावर तो लांबला, आणि त्याची धारही काहीशी बोथट झाली.

जुने व इतर नमुने

जागेवर हक्क सांगणारी आणि तो मोडणाऱ्याला ताकीद देणारी लेखनपरंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. शिलाहार व यादव काळातील दानलेखांच्या शिळांवर, दान मोडणाऱ्यास उद्देशून गाढवाची आकृती व अश्लील शिवी कोरलेली आढळते. अशा शिळांना गधेगाळ म्हणतात. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेखातही असे शापवचन आहे. त्याचा काळ शके ९३४ (इ.स. १०१२) मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. गधेगाळापासून पुणेरी पाटीपर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. शिवीची जागा सौजन्याने घेतली, हा फरकही लहान नाही.

मुंबईत धोबी तलाव येथील बस्तानी या इराणी उपाहारगृहातील नियमांचा फलक असाच गाजला. कवी निस्सीम इझिकेल यांनी त्यावरून इंग्रजीत एक कविता रचली. लडाखच्या रस्त्यांवरील सीमा रस्ते संघटनेच्या यमकबद्ध पाट्याही प्रसिद्ध आहेत. मात्र त्या कोणत्याही अनोळखी प्रवाशाला उद्देशून असतात. पुणेरी पाटी नावापुरती सर्वांसाठी असते. तिचा खरा वाचक बहुधा एकच असतो, आणि तो ती रोज वाचतो.

पुण्यातील देवळांच्या नामफलकांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, जरी ते सूचना या प्रकारात मोडत नाहीत. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावे फलकावर गंभीरपणे लिहिलेली असतात आणि परगावच्या माणसाला तीही पुणेरी पाटीच वाटते.

प्रसिद्धी आणि खऱ्या-खोट्याचा प्रश्न

पुणेरी दुकानदाराची गिऱ्हाइकाविषयीची बेफिकिरी पु. ल. देशपांडे यांच्या मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्यावरील लेखनामुळे महाराष्ट्रभर पोहोचली. दुपारी एक ते चार दुकान बंद, ही वेळ तर चितळे बंधू यांच्या नावाशी म्हणीसारखी जोडली गेली. त्यांनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा ती वृत्तपत्रांत बातमी झाली. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. पाट्यांना तसे काही मिळालेले नाही, मात्र कपांवर व टी-शर्टांवर त्यांनी पगडीला मागे टाकले आहे.

या प्रसिद्धीमुळे अभ्यासकापुढे अडचण उभी राहते. इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘पुणेरी पाट्यां’पैकी अनेक कोणत्याही भिंतीवर कधीच नव्हत्या, चुटक्याला पाटीची चौकट देऊन त्या तयार केलेल्या असतात. दोहोंतील फरक पुष्कळदा मजकुरावरूनच ओळखता येतो. खरी पाटी हसवण्यासाठी लिहिलेली नसते. तिला दार लावून हवे असते, पायरी रिकामी हवी असते. बनावट पाटीत शेवटच्या शब्दावर हशा ठेवलेला असतो आणि तिने नेमके काय थांबवायचे, हे सांगता येत नाही. छायाचित्रात भिंत, कडी, शेजारचा मीटर किंवा गंजलेला खिळा दिसत असेल, तर ते अधिक विश्वसनीय ठरते. पेठ, इमारतीचा प्रकार आणि छायाचित्राचे वर्ष यांची नोंद असल्यास ती पाटी शहराच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वापरता येते. अशी नोंद वाडा उभा असेपर्यंतच घेता येते, कारण पुनर्विकासाच्या वेळी दरवाजे व तुळया विकत घेणारे भेटतात, रंगवलेला पत्रा मात्र भंगारात जातो.