वेबसाइट दिली, पैसे थकले. वसुली कशी करावी?

वेबसाइट तयार होते, ग्राहकाचा धंदा तिच्यावर सुरूही होतो. मात्र ती बनवणाऱ्याचे बिल ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तरावर अडकून पडते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वेब डेव्हलपरना हा अनुभव नवा नाही. त्यांना महिन्याचा पगार नसतो. दोन बिले थकली की घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही अडचणीत येतात. रक्कम लहान आणि कोर्टकचेरी महाग, म्हणून अनेक जण पैशांवर पाणी सोडतात. वास्तविक कायद्याचा भक्कम आधार २००६ पासून उपलब्ध आहे.

४५ दिवसांची मर्यादा

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी नाही. सेवा पुरवणारा एकटा व्यावसायिकही ‘उद्यम’ पोर्टलवर विनाशुल्क नोंदणी करून त्याचा लाभ घेऊ शकतो. करारात काहीही लिहिले असले तरी बिल चुकते करण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल, तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. काम सोपवल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे मानले जाते. त्यामुळे काम सोपवल्याचा ई-मेल जपून ठेवावा. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागता येते.

नोंदणीपूर्वीच्या कामाला हा लाभ नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत घेतली. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. तेव्हा काम घेण्याआधीच नोंदणी केलेली बरी.

दाद कोठे मागावी?

आधी मुदत देणारे लेखी स्मरणपत्र आणि मग वकिलामार्फत नोटीस पाठवावी. त्यानंतर राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद प्रथम समेटाचा प्रयत्न करते. तो फसल्यास प्रकरण लवादाकडे जाते. कायद्यात ९० दिवसांची मुदत असली, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. मात्र निवाड्याला आव्हान देणाऱ्या ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ग्राहक परदेशात असल्यास हा मार्ग फारसा उपयोगी नाही. तेथे आगाऊ रक्कम हाच खरा आधार.

ग्राहकाचा धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते.

साइट बंद पाडू नका

जुना पासवर्ड वापरून ग्राहकाची साइट बंद पाडण्याचा मोह अनेकांना होतो. पण परवानगीविना दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरून हानी करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. येणेकरी स्वतःच आरोपी होण्याचा हा धोका आहे.

त्यापेक्षा शेवटचा हप्ता मिळेपर्यंत साइट स्वतःच्या चाचणी सर्व्हरवरच दाखवावी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. ‘पूर्ण मोबदला मिळाल्यावरच कोडचे हक्क ग्राहकाकडे जातील’ ही एक ओळ करारात असली, की वाटाघाटीत आपली बाजू बळकट होते.

काम घेण्यापूर्वी

- कामाची व्याप्ती, किती वेळा बदल करून देणार आणि हप्त्यांच्या तारखा लेखी ठरवाव्यात.
- आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.
- फोनवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी ई-मेलने कळवावी.
- प्रत्येक टप्प्याला ग्राहकाची लेखी मान्यता घ्यावी.
- हप्ता थकताच पुढील काम थांबवावे. तशी अट करारात असावी.

दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ग्राहकाच्या आश्वासनांवर विसंबून ती हातची जाऊ देऊ नये.