बटाट्याच्या पेशींचा लढा

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये करप्याने बटाट्याचे पीक कुजले आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. १८६१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी या रोगामागे बुरशीसदृश सूक्ष्मजीव असल्याचे सिद्ध केले. पुढे मेक्सिकोतील रानटी बटाट्यांशी संकर करून प्रतिकारक वाण तयार झाले. त्यांच्या पानात सूक्ष्मजीवाचा तंतू शिरताच ती पेशी तपकिरी पडून मरते आणि सुरुवातीला जिवंत पेशींवर पोसणारा शत्रू तिथेच अडकतो. १९४० मध्ये म्युलर आणि ब्योर्गर या शास्त्रज्ञांनी कापलेल्या बटाट्यावर या सूक्ष्मजीवाचा आधी निष्प्रभ, मग घातक प्रकार सोडला. घातक प्रकार वाढलाच नाही. पेशी संसर्गानंतर संरक्षक द्रव्य बनवतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६८ मध्ये जपानमध्ये बटाट्याच्या ‘रिशिरी’ वाणातून असे द्रव्य, रिशिटिन, वेगळे करण्यात आले.