कुत्र्याचे केस व धन्याचा हात

संगम माहुलीस सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या नामक कुत्र्याची समाधी दाखवितात. महाराज १७४९ साली निवर्तले. त्यांच्या प्रेमाची ती खूण मात्र अद्याप उभी आहे. परंतु प्रेम समाधीपूर्वीच, जित्या जिवाच्या अंगावरून फिरणाऱ्या हातात दिसावे, असे आम्हांस वाटते.

२००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी श्वानजातींची तिकिटे काढिली. त्यांपैकी मुधोळ, रामपूर व राजपालयम् येथील कुत्री आखूड केसांची. हिमालयातील मेंढ्या राखणारा कुत्रा तेवढा दाट केसांचा. जशी हवा, तसे वस्त्र. मुधोळी कुत्र्यास ओल्या फडक्याने पुसले, तरी बहुधा पुरते. आज आम्ही थंड देशांतील केसाळ कुत्री भिवंडीजवळच्या वळसारख्या गावाच्या दमट हवेत आणून ठेवितो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी केस कापणाऱ्याकडे नेऊन निश्चिंत होतो. मधल्या दिवसांत केसांच्या जटा होतात. त्यांखाली ओल राहते, कातडी चिघळते, गोचीड लपतात. रोज फणी फिरवावी, गुंता अंघोळीपूर्वीच सोडवावा, मग केस मुळापर्यंत कोरडे करावेत. एवढे ज्याच्या हातून होणार नाही, त्याने मुधोळचा कुत्रा पाळावा, हिमालयातला नव्हे.