बहात्तरची नानखटाई

इतिहास शिकवताना आम्ही शिक्षक मुलांना लढाया सांगतो, राजे सांगतो, सनावळ्या पाठ करून घेतो. असई आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीचे इंग्रज सैन्य यांची गाठ पडली. ही तारीख माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. पण एकदा मी वर्गात विचारले, "तुमच्या घरी ईदेला जे बनते ते कधीपासून बनते, आणि का?" सारा वर्ग गप्प झाला. खरे सांगायचे तर माझ्या घरापुरते उत्तर मलाही फार उशिरा मिळाले. त्याचीच ही हकीकत आहे.

आमचे घर जुन्या जालन्यात. रमजानचा शेवटचा आठवडा लागला की दादी परात पुढे घेऊन बसे. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायला घेई, ती पांढरीशुभ्र व हलकी होईपर्यंत हात थांबवीत नसे. मग त्यात मैदा, थोडे बेसन, थोडा रवा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाण्याचा मात्र एक थेंबही नाही. गव्हाच्या पिठाला पाणी लागले की त्याला ताण येतो, तुपाचे मोहन भरपूर असले की तो येत नाही. नानखटाई तोंडात विरघळते ती यामुळे. दादीला अक्षरओळख नव्हती, पण हे शास्त्र तिच्या हाताला ठाऊक होते.

घरात भट्टी कोठून असणार! गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे, वर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि ट्रे मोहल्ल्यातील बेकरीवर न्यायचे, हे आम्हा मुलांचे काम. ईदेच्या आधी तेथे ही रांग लागे. सारी मुले आपापल्या ट्रेवर डोळा ठेवून उभी राहत, कारण अदलाबदल झाली तर घरी खैर नसे. परतताना दोन-चार नानखटाया वाटेतच 'फुटत', आणि फुटलेली घरी कशाला न्यायची, असा आमचा न्याय होता!

या साध्या जिनसेचा प्रवास पाहा. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, आणि 'खता' हे चीनचे जुने नाव. सुरतेत सतराव्या शतकापासून डचांची वखार होती. त्यांच्या पावभट्टीचा वारसा तेथील दोतीवाला या पारशी घराण्याकडे आला आणि त्या भट्टीतून नानखटाई घडली, अशी सुरतेची परंपरा सांगते. आपल्या मराठवाड्याला भट्टीची नान त्याहून जुनी. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली, त्या लष्कराशी औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचे नाते लोक जोडतात. आपल्या जालन्यात १८२७ पासून १९०३ पर्यंत छावणी होती. छावणी म्हटली की पाव आलाच. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि बाहेरचा माल सहज येऊ लागला. १९३७ मध्ये डालडा निघाला व तुपाची ऐपत नसलेल्या घरांतही नानखटाई होऊ लागली. एका ट्रेमध्ये इराण, चीन, हॉलंड, सुरत आणि दख्खन असे सारे शेजारी शेजारी बसलेले असतात.

परंतु मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच नानखटाईविषयी. मैद्याचे ट्रे बेकरीवर गेले की दादी चूल पेटवी. एका जाड डेगचीत वाळू घाली, वाळूवर थाळी ठेवी, झाकणावर निखारे पसरी आणि ज्वारीच्या पिठाची, गुळाची एक खेप घरीच दम देऊन भाजी. रंगाने मातकट, चवीला खरखरीत. घरात तिला सगळे 'बहात्तर' म्हणत. लहानपणी मला वाटे की ती बहात्तर नग असतात म्हणून हे नाव पडले. एके वर्षी मी मोजली, तेवीस भरली! आम्ही मुले तिला हात लावीत नसू. अब्बा मात्र ईदेच्या नमाजाहून आल्यावर पहिला तुकडा तिचाच खात, आणि तो खाताना कोणाशी बोलत नसत.

बी.एड.ला असताना आम्हाला स्थानिक इतिहासावर प्रकल्प लिहावयाचा होता. मी असईची लढाई निवडली होती. त्या वर्षी ईदेच्या आदल्या संध्याकाळी दादी डेगचीपाशी बसली होती आणि मी जवळच पुस्तके पसरून बसलो होतो. सहज विचारले, "दादी, इसको बहत्तर क्यों बोलते?" ती हसली. म्हणाली, "इतनी किताबां पढ़ा, ये नहीं पढ़ा?"

मग तिने सांगितले. १९७२ चा दुष्काळ. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. आपला जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या दोन वर्षांतही पाऊस धड नव्हता, आणि बहात्तरला तर त्याने पाठच फिरवली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझे दादा आणि दादीही होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, आणि कामावर मुलांना सुकडी. बहात्तरची रमजान ईद नोव्हेंबरात आली. घरात मैदा नाही, साखर नाही, तूप तर दूरच. अब्बा तेव्हा सात वर्षांचे. ते बेकरीसमोर जाऊन उभे राहिले, भट्टी पाहिली आणि घरी येऊन काहीही मागितले नाही. दादी म्हणाली, "माँगता तो डाँट देती. माँगा नहीं, वही लगा." तिने रात्री ज्वारीचे पीठ, गुळाचा खडा आणि वाटीतले होते तेवढे तेल एकत्र केले, डेगचीत वाळू घातली आणि आपल्या मुलासाठी नानखटाई केली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उचलताच भुगा झाला. तो भुगा तिने वाटीत घालून चमच्याने भरविला.

पुढे पाऊस पडला, दिवस पालटले, मैदा आला, तूपही आले. पण दादीने ती खेप सोडली नाही. "अल्लाह ने दिया तो भूलना नहीं," एवढेच तिचे म्हणणे होते.

वाचकहो, हे सारे ऐकून मी काय केले? पुन्हा असईच्या लढाईकडे वळलो. तोफा किती, पायदळ किती, हे टिपून घेतले. दादीच्या पिठाचे माप, गुळाचे माप, आणि नंतरच्या वर्षांत तिची नानखटाई न फुटता कशी राहू लागली, यातले काहीही लिहून घेतले नाही. वाटले, दादी तर घरातच आहे, केव्हाही विचारू. २०१९ साली ती गेली. अल्लाह तिला जन्नत नसीब करो.

पुढच्या ईदेला अम्मीने आणि मी प्रयत्न केला. डेगची तीच, वाळू तशीच, दादीचा पितळी पेलाही तोच. कधी पीठ जास्त वाटले, कधी तेल कमी. झाकण काढले तेव्हा रंग बरोबर आला होता, पण हात लावताच भुगा. मी अब्बांकडे पाहून म्हटले, "जमली नाही." अब्बांनी एक वाटी आणि चमचा मागवला. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "पहली बार ऐसीच बनी थी."

जालन्याला 'सोने का पालना' म्हणण्याची रीत आहे. गावाचा हा मोठेपणा बियाण्यांत, पोलादात, बाजारपेठेत लोक पाहतात, तेही खरेच आहे. पण दुष्काळातही ज्यांनी लेकराची ईद कोरडी जाऊ दिली नाही, त्या मातांचा पाळणाही याच गावात हलला. त्यांची नोंद सरकारी गॅझेटिअरात सापडणार नाही. ती घराघरांत आहे आणि दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहे.

आता मी दरवर्षी नववीच्या मुलामुलींना एक काम देतो. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला एका पदार्थाविषयी विचारायचे आणि तारीख घालून, मापासकट वहीत लिहून आणायचे. कोणी शीरखुर्मा लिहून आणते, कोणी धपाटे, कोणी पुरणपोळी. आपणही हे करावे, एवढीच विनंती. घरात दादी, नानी, आजी असेल तर आजच तिच्यापाशी बसा. "अंदाजाने घालते," असे ती म्हणेल. तो अंदाज तेवढा वाटीने मोजून घ्या.