बोटांची परीक्षा

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावासारख्या गावी बिनतारी संदेशविद्या शिकायची, तर काय लागते? एक चावी, एक बझर आणि दोन सेल. एवढ्या सामानाचा आवाज घराबाहेर जात नाही. म्हणून परवानाही लागत नाही. या परीक्षांचा इतिहास चाळताना मला या साधेपणाचेच नवल वाटले.

हौशी बिनतारीचालकांसाठी 1978 साली नियम झाले. त्यांत दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला 5 शब्दांची गती होती, पहिलीला 12 ची. मोर्सचे कडकट्ट ऐकून लिहायचे आणि चावीवर पाठवायचे. घोकंपट्टीची येथे डाळ शिजत नसे. ठिपके-रेघा मोजणारा मागे पडे. अक्षराची लय ओळखणारा पुढे जाई. रोजचा रियाज हाच गुरू.

2003 साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने मोर्सची सक्ती ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोपवली. 2009 साली सिस्को कंपनीने बिनतारी जाळ्यांची तज्ज्ञ-परीक्षा काढली. तीत 8 तास प्रत्यक्ष यंत्रांवर काम करून दाखवावे लागे. कसोटी तीच राहिली, तयारी मात्र महागली. बझर खेड्यातल्या खिशाला परवडे. ही यंत्रे परवडत नाहीत. ती गंगाखेडला हाताळायला मिळाली, तर आमची पोरे मागे राहणार नाहीत. कान आणि बोटे त्यांना देवाने कमी दिलेली नाहीत.