रुळांच्या मुलखातील शाळेची वाट

छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यातल्या चरोद्याची घडण रुळांनी केली, आणि तेथील मुलांच्या शाळेच्या वाटेचा इतिहासही रुळांपासूनच सांगावा लागतो. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने राजनांदगावापुढे मार्ग नेला, तेव्हा हा मुलूख नागपूरहून चालणाऱ्या मध्यप्रांताच्या अंमलाखाली होता. शाळा विरळ, आणि ज्याच्या गावी ती नसेल त्या मुलाने बांधांवरून, पावसाळ्यात धानाच्या चिखलातून, पायीच जावे, याखेरीज दुसरी तजवीज नव्हती.

पुढे 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि मालगाड्यांच्या वाघिणी निवडून जुळविण्यासाठी चरोद्यास विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड व रेल्वे वसाहत आली. पोलादनगरीच्या सेक्टरांत शाळा घरांच्या जवळच आखल्या गेल्या. चरोद्याच्या वाट्याला मात्र यार्ड आणि मुंबई-कलकत्ता महामार्ग यांचा शेजार आला. ज्या गावी प्रत्येक वाघिणीचे गंतव्य दफ्तरात नोंदले जाई, त्याच गावी मुलाच्या वाटेचा बंदोबस्त आईबापांच्या भरवशावर राहावा, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर बसून शाळेस जाणे हे त्या भरवशाचेच एक रूप होते. नंतर ऑटोरिक्षा आल्या, व्हॅन आल्या. 1997 साली दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने अशा बसगाड्यांना शिस्त लावली खरी, परंतु खचाखच भरलेल्या रिक्षेतील मूल त्या शिस्तीच्या बाहेरच राहिले.

या साऱ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती छत्तीसगड शासनाची सरस्वती सायकल योजना. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील नववीच्या मुलींना तिने सायकल दिली. म्हणजे जिचे शिक्षण माध्यमिक शाळेच्या अंतरापाशी खुंटण्याचा संभव अधिक, तिच्याच हाती वाहन दिले, आणि सोबतीसाठी भावाची वा बापाची सवड पाहण्याची तिची गरज कमी केली.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरांच्या आत शाळा असावी असे ठरविले आहे. चरोद्यासारख्या गावी हे अंतर मोजताना मध्ये येणारे रूळ, फाटक आणि महामार्ग हेही मोजले जावेत, आणि जेथे ते ओलांडावे लागतात तेथे मुलांसाठी पूल वा भुयारी वाट आधी व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.